शांतता! साडू निसर्गात आहेत

माणसाला शांततेची फार गरज आहे, हे हल्ली लोक मला इतक्या मोठ्यानं सांगतात की कानाला दडे बसतात. डॉक्टर सांगतात, योगाच्या बाई सांगतात, सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर गणपतीत माइकवरून सांगितलं. पण या सगळ्यांत पहिला नंबर आमच्या साडूंचा. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसापुढे दोनच वाटा उरतात, एक अध्यात्माची आणि दुसरी पक्ष्यांची. साडूंनी पहिली वाट थोडी चालून पाहिली. तिथे डोळे मिटून गप्प बसावं लागतं हे कळल्यावर ते दुसऱ्या वाटेला लागले. इथे निदान डोळे उघडे ठेवता येतात. गप्प बसण्याचं काम त्यांनी इतरांकडे सोपवलं.

“आपण रविवारी नांदूरमध्यमेश्वरला चाललोय,” असा त्यांचा ठाण्याहून फोन आला. साडूंच्या ‘आपण’मध्ये आम्ही, आमची गाडी, आमचं पेट्रोल आणि आमच्या घरचे डबे एवढं सगळं येतं.

“तुम्ही नाशिकमध्ये राहता आणि अजून नांदूरमध्यमेश्वर पाहिलं नाही?”

मी म्हटलं, नाशिकमध्ये राहतो म्हणूनच पाहिलं नाही. घरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरची जागा पाहुणे आल्याशिवाय पाहायची नाही, हा आमचा नाशिककरांचा बाणा आहे. सैबेरियाहून बदकं येतात, ठाण्याहून साडू येतात. आम्हालाच तेवढी सवड होत नाही.

पक्षी पाहायचे तर सूर्य उगवायच्या आत पोचायला हवं. म्हणून पहाटे पाचला निघायचं ठरलं आणि त्याप्रमाणे आम्ही साडेसातला निघालो. मधल्या वेळात थर्मास सापडला पण झाकण सापडेना. झाकण सापडलं तोवर चहा पिऊन संपला होता. मावशी, म्हणजे माझ्या मावससासूबाई, अंघोळ केल्याशिवाय गोदामाईच्या काठावर पाऊल ठेवणार नव्हत्या. साडूंच्या मुलाला, आमच्या भाच्याला, उठवायला चौघं गेलो आणि त्यातले दोघं त्याच्या रजईत झोपून गेले.

शिवाय जानेवारीतलं निफाड. निफाडचा पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजतात आणि थंडी पडली की तो हमखास पेपरात येतो. द्राक्षवाले बिचारे पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, वेलींना थंडी बाधू नये म्हणून. आम्ही त्या वेलींपेक्षा नाजूक. मी दोन स्वेटर चढवले, बायकोनं शालीवर शाल घेतली, आणि मावशींनी लालभडक कानटोपी घालून वर मफलर गुंडाळला. डोळ्यांपुरती फट राहिली.

साडू मात्र तयारीनं आले होते. अंगात लष्करी छापाचा, झाडपाल्यात मिसळून जाणारा पोशाख. पँटला इतके खिसे होते की त्यातल्या कुठल्या तरी एकात चष्मा आहे, एवढंच त्यांना खात्रीनं सांगता येत होतं. गाडीत बसताना त्यांची नजर मावशींच्या टोपीवर पडली.

“मावशी, लाल रंग नको! पक्ष्यांना लांबून दिसतो.”

“दिसू दे की,” मावशी फटीतून म्हणाल्या. “मी काय त्यांचं देणं लागते तोंड लपवायला?”

वाटेत साडूंनी आम्हाला माहिती दिली. माहिती देण्याचा त्यांचा आवाज वेगळा आहे. इतर वेळच्या आवाजापेक्षा थोडा मोठा. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. हेतू साधा होता, पाणी अडवायचं आणि कालव्यांनी खाली नगरकडच्या शेतांना द्यायचं. मग नदीनं वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला. गाळावर पाणकणीस माजलं, मध्ये बेटं झाली, उथळ पाणी पसरलं, आणि पक्ष्यांनी कुणालाही न विचारता ताबा घेतला. 1986 साली सरकारनंही ते मान्य केलं आणि अभयारण्य जाहीर केलं. यात सुरुवातीपासून पक्ष्यांसाठी कुणीच काही योजलेलं नव्हतं. म्हणूनच बहुतेक ते एवढं नीट झालं असावं, असं मी म्हणालो. साडूंना तो सरकारी बँकांवरचा टोमणा वाटला.

“आणि 2020 साली,” ते म्हणाले, “महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ!”

मागून मावशींनी लगेच हात जोडले. “राम वनवासात इथं पण आले होते का?”

“तो राम नव्हे, मावशी. रामसर हे इराणमधलं गाव आहे. 1971 साली तिथे पाणथळ जागांचा करार झाला.”

“अगं बाई! पंचवटीत साक्षात राम असताना रामासाठी इराणला कशाला गेले?”

यावर साडूंकडे उत्तर नव्हतं, आणि ते द्यायला वेळही मिळाला नाही, कारण आम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो होतो. ज्यांनी हंगामात या भागातून गाडी चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्यांवर कडेनं लोंबणारा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर लग्नाच्या वरातीला पुरून उरेल एवढी साउंड सिस्टिम. ट्रॅक्टरचा वेग ताशी पंधरा आणि गाण्याचा दोनशे. आम्ही शांततेच्या दिशेनं निघालो होतो, ट्रॅक्टरही त्याच दिशेला निघाला होता, आणि रस्ता अरुंद होता.

“बघा, बघा हे ध्वनिप्रदूषण!” साडू ओरडले. ओरडल्याशिवाय ऐकूच गेलं नसतं. “अशानं पक्षी राहतील का?”

भाच्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. ट्रॉलीच्या मागे, उसाच्या ढिगावर एक कोतवाल आरामात बसून गाण्यासकट प्रवास करत होता. साडूंनी तो पाहिला, पण वहीत लिहिला नाही. कोतवाल काय कुठेही दिसतो.

चापडगावला पोचलो, प्रवेशाची तिकिटं काढली आणि गावातलाच एक तरुण पोरगा गाईड म्हणून बरोबर घेतला. बिनबाह्यांचा स्वेटर, पायात चपला, खांद्यावर तिवईसकट दुर्बीण. त्यानं आमचा लवाजमा एकदा पायापासून टोपीपर्यंत पाहिला आणि काहीच बोलला नाही. पुढचे काही तास त्याची हीच मुद्रा कायम होती.

साडूंनी आम्हाला बांधावर ओळीत उभं केलं आणि नियम सांगितले. बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही. पायाखाली काटकी मोडायची नाही. खोकायचं नाही, आलाच खोकला तर शालीत. हे सगळं त्यांनी कुजबुजत सांगितलं. साडूंच्या कुजबुजीची घडण बँकेत झाली आहे. तीस वर्षं काउंटरच्या काचेआडून टोकन नंबर पुकारल्यावर गळा ज्या उंचीला स्थिरावतो, तिथून ते कुजबुजतात. “शांतता पाळा” हे त्यांचे शब्द पलीकडच्या काठापर्यंत गेले असावेत, कारण तिथली टिटवी उठली आणि आमच्या डोक्यावरून घिरट्या घालत तिनं सगळ्या नदीला आमची वर्दी दिली.

मग चालणं सुरू झालं. आता, पक्षी पाहायला चालणं हा प्रकार ज्यांनी केला नसेल त्यांना सांगतो, त्यात चालणं फारसं नसतं. दोन पावलं टाकायची आणि थांबायचं. थांबून पाहायचं. काही दिसलं नाही तर आणखी थांबायचं. दिसलं तर फारच थांबायचं. माझ्या बायकोला हे ठाऊक नव्हतं. तिला डॉक्टरांनी दिवसाला दहा हजार पावलं सांगितली आहेत आणि ती मोजायला मुलानं मनगटावर घड्याळ बांधून दिलंय. ‘नदीकाठानं छान चालणं होईल’ एवढ्याच भरवशावर ती आली होती. आम्ही एका खंड्यासमोर स्तब्ध उभे राहिलो की ते घड्याळ थरथरायचं आणि ‘उठा, जरा चाला’ असा निरोप द्यायचं. मग बायको आमच्याभोवती प्रदक्षिणा घालायची.

“वहिनी, हलू नका!” साडू.

“भाऊजी, मी वडाला फेऱ्या मारतेय असं समजा,” बायको.

आणि दुर्बीण! सहा माणसांत एक दुर्बीण, हा संसाराचा कस आहे. साडू लावून बघणार, म्हणणार “अप्रतिम!” आणि मेहुणीला देणार. मेहुणीचा नंबर वेगळा, ती चाक फिरवणार. तिला दिसायला लागेपर्यंत माझी पाळी. माझा नंबर आणखी वेगळा. मी चाक उलटं फिरवतो. मला धुक्यात एक हिरवा डाग दिसतो, मीही म्हणतो “अप्रतिम!” कारण नाही म्हटलं तर साडू समजावून सांगतात. समजावण्याची पद्धत अशी.

“ती बाभूळ दिसतेय?”

“हो.”

“ती नाही, तिच्या मागची.”

“बरं.”

“तिच्या उजवीकडे वाळलेली फांदी आहे, घड्याळात दोन वाजता. दिसली?”

“दिसली.”

“तिच्या खाली बेशरमीचं झुडूप. त्याच्या डावीकडे पाणकणीस. त्यातून एक काडी वर आलीय बघा, तिच्यावर.”

“हां! दिसला! तपकिरी आहे.”

“तो निळा आहे.”

“मग ही कुठली बाभूळ?”

तोवर पक्षी उडालेला असतो. भाच्याला मात्र दुर्बिणीशिवाय सगळं दिसत होतं. “तो काय,” एवढंच तो म्हणायचा आणि परत खिशात हात घालायचा. त्याच्या मोबाइलमध्ये पक्ष्यांचे आवाज वाजवणारं ॲप होतं, त्यानं एकदा ते लावून पाहिलं, तेव्हा गाईडनं हलकेच सांगितलं, “नको वाजवू भाऊ. पाखरू उगाच येडं होतं, दुसरा आलाय समजून भांडायला येतं.” मेहुणी म्हणाली, “तरी मी म्हणते, ह्यांच्या भावाचा फोन आला की हे असे का होतात.”

मावशींचं पक्षीनिरीक्षण स्वतंत्र चाललं होतं. गाईडनं “ते पाहा, वारकरी” म्हणून पाण्यातल्या काळ्या पक्ष्यांचा थवा दाखवला, तेव्हा त्यांनी कपाळावरचे पांढरे टिळे पाहून चपला काढल्या. पुढे हळदी-कुंकू नावाचं बदक निघालं. एका दिवसात सुवासिनीचं एवढं साग्रसंगीत दर्शन झाल्यानं त्या फार खूश झाल्या. तिवईवरच्या दुर्बिणीतून त्यांना चमचा पक्षी दाखवला. चमच्याच्या आकाराची चोच पाण्यात बुडवून तो डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवत गुडघाभर पाण्यात चालत होता.

मावशींनी बराच वेळ पाहिलं. “ह्याचं काहीतरी हरवलंय,” असं निदान करून त्या बाजूला झाल्या.

चक्रवाकाची जोडी दिसली तेव्हा साडू हळवे झाले. नारिंगी-सोनेरी अंग, फिकट डोकं, लडाख-तिबेटकडून आलेले. “आपल्या जुन्या कवींनी म्हटलंय, ही जोडी दिवसा एकत्र आणि रात्री वियोगात असते.”

“त्यात कवींना काय वाटलं एवढं?” मेहुणी म्हणाली. “तुमच्या घोरण्यापायी मी किती वर्षं हॉलमध्ये झोपतेय.”

साडूंना खरं म्हणजे यातलं काहीच नको होतं. त्यांना क्रौंच हवा होता. थंडीत क्रौंचांचे थवे या भागात उतरतात, शेतांत हरभऱ्या-भुईमुगावर चरतात आणि पाण्यावर टेकायला येतात. त्यांच्या ठाण्याच्या ग्रुपवर सगळ्यांच्या यादीत क्रौंच होता, साडूंच्याच नव्हता. त्यासाठी ते एका अज्ञात सभासदाशी गेलं वर्षभर मनातल्या मनात भांडत होते. क्रौंचाच्या जोडीतला एक व्याधानं मारला म्हणून वाल्मीकींना पहिला श्लोक सुचला. इथे न दिसलेल्या क्रौंचापायी साडूंना काय काय सुचत होतं, ते छापण्यासारखं नाही.

तर क्रौंच मिळावा म्हणून आता मोहीम आणखी गुप्त झाली. साडू कमरेत वाकले. चवड्यांवर चालू लागले. हातानं मागे खुणा करत होते, त्यांचा अर्थ प्रत्येकानं वेगळा घेतला: मी थांबलो, मेहुणी बसली, बायकोनं डबा काढला. एका वळणावर जांभळा बगळा अगदी जवळ उभा होता. साडू एक पाऊल टाकत, श्वास रोखत. बगळ्यानं मान वळवली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि उडाला. पुढे शराटी उडाले. मग शेकाटे उडाले, लांब लाल पाय मागे लोंबवत. आम्ही जितके सावकाश, जितके दबकत जावं, तितकं आमच्या पुढचं पाणी रिकामं होत जाई.

एवढ्यात मागून फटफट करत एक शेतकरीदादा मोटारसायकलवरून आले. मागच्या सीटवर पाण्याच्या मोटारीचा पाइप, पुढच्या टाकीवर नातू, आणि पलीकडच्या बांधावरच्या कुणाला तरी मोठ्यानं शिव्या देत. गाडी बगळ्यांपासून दहा हातांवर उभी केली, पाइप धाडकन खाली टाकला, नातवाला हाक मारली, मोटार सुरू केली. एकही पक्षी हलला नाही. एका वंचकानं फक्त डोळे मिटले.

साडूंचा चेहरा पाहवेना. “हे कसं काय?” त्यांनी गाईडला विचारलं. त्या दिवसात पहिल्यांदा खरोखरच हळू आवाजात.

गाईड जरा घुटमळला. “साहेब, राग नका मानू. पाखराला ट्रॅक्टर माहीत, मोटार माहीत, शिव्या माहीत. ते लोक त्याच्या वाटेला जात नाहीत. पण वाकून, दबकत, गुपचूप जो येतो ना, तो धरायलाच येतो. मांजर तसंच येतं. शिकारी तसाच येतो. तुम्ही चोरावाणी चालता म्हणून ते उडतं. नीट चाला.”

त्यानंतरची पंधरा मिनिटं आम्ही नीट चालायचा प्रयत्न केला. नीट चालणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. कुणी नीट चालायला सांगितलं की हातांचं काय करायचं तेच कळत नाही. मी हात मागे बांधले तर शाळा तपासायला आलेला इन्स्पेक्टर दिसायला लागलो, पुढे घेतले तर सांत्वनाला आल्यासारखं वाटायला लागलं. साडूंनी तर शेतकरी व्हायचं ठरवलं. खिशांची पँट थोडी वर खोचली, छाती पुढे काढली आणि सगळ्या अभयारण्याला ऐकू जाईल असं गाईडला विचारलं, “काय मग दादा, कांद्याला काय भाव?”

हा प्रश्न ढोंगाचा होता, पण लासलगाव हाकेच्या अंतरावर असलेल्या मुलखात कांद्याचा भाव ढोंगानं विचारता येत नाही. गाईडचा चेहरा पालटला. सकाळपासून मोजकंच बोललेला पोरगा बोलायला लागला. मागच्या वर्षी काय झालं, चाळीत किती सडला, निर्यात कधी बंद झाली, कधी उघडली. मोटारसायकलवाले दादा पाइप सोडून आले. दोन मासेमारी करणारे जाळं खांद्यावर टाकून थांबले. साडूंना व्याजाचं गणित येतं, त्यांनी पीककर्जावर मत दिलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. भाचा बांधावर उकिडवा बसला. बायको फेऱ्या मारत ऐकू लागली.

अर्धा तास तरी गेला असेल. आणि त्या अर्ध्या तासात, मावशी नंतर म्हणाल्या, पक्ष्यांची नुसती झुंबड उडाली होती. शेकाटे परत आले. शराटी परत आले. धोबी शेपटी हलवत बांधावर आला. दोन जांभळ्या पाणकोंबड्या पाणकणसातून बाहेर आल्या, लाल कपाळ, लाल चोच, एका पायात कोवळा कोंब मुठीत धरावा तसा धरून सोलून खाल्ला आणि साडूंच्या बुटांपासून हातभर अंतरावरून निघून गेल्या. हे सगळं एकट्या मावशींनी पाहिलं. आमचं लक्ष निर्यातशुल्कावर होतं.

“मग सांगितलं का नाहीत?” साडू कळवळून म्हणाले.

“तुम्हीच सांगितलं ना, बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही.”

दुपारी आम्ही निरीक्षण मनोऱ्यावर चढलो. तिथे आधीच शांतताप्रेमींची गर्दी होती. मोठमोठ्या लेन्सवाले एका कठड्याला, पिशव्यावाले दुसऱ्या. लेन्सवाल्यांची पंगत वेगळी. ते एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांच्या लेन्सकडे तिरक्या नजरेनं बघतात आणि मग नदीकडे. त्यांच्यातल्या एकाचा फोन वाजला. रिंगटोन गणपतीच्या आरतीची. “अरे, मी एकदम शांत ठिकाणी आलोय!” तो ओरडला. “हो! एकदम सायलेंट! तुला ऐकू येतंय का? सायलेंट!” मेहुणीनं थालिपिठांचा स्टीलचा डबा उघडला. तो डबा उघडताना जो आवाज करतो, त्यानं आमच्या घरी दोन खोल्यांपलीकडचा माणूस उठून येतो. इथे मनोऱ्यावरचे सगळे वळले. वेफर्सच्या पुड्यावाले तर निषेधानं बघत होते, तेही पुडा फोडता फोडता.

एवढ्यात खाली काहीतरी झालं. दलदलीवरून एक शिकारी पक्षी पंख व्ही आकारात वर धरून, पाणकणसाला जवळजवळ घासत आला. पसरलेले वारकरी एका क्षणात आत ओढले गेले, एकमेकांना चिकटले, पाण्यावर शाईचा डाग पसरण्याऐवजी उलटा गोळा व्हावा तसे. डाग घट्ट होऊन इकडून तिकडे सरकू लागला. शिकारी वर घिरट्या घालतोय, खाली झडप घेतो, सगळे वारकरी मिळून पाणी उडवतात, तो उठतो. एकटा सापडत नाही कुणी. दोन-तीन मिनिटं हा प्रकार चालला. मनोऱ्यावरच्या कुणाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. मावशींचा थालिपिठाचा घास हातात राहिला. लेन्सवाल्यांपैकी एकानंही बटण दाबलं नाही, आणि नंतर त्याचं त्यांना अतोनात दुःख झालं. शिकारी हरला, निघून गेला, डाग पुन्हा विरळ झाला, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले: हा कुठला होता? ससाणा! छे, घार! घार इतकी खाली येते का? साडूंचा आवाज सर्वांत वर होता. गाईड “दलदल भोवत्या” म्हणाला, ते कुणाला ऐकू गेलं नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा क्रौंचाची आशा सोडून आम्ही खाली गाडीपाशी आलो. निघणार, तोच बायकोनं मनगट पाहिलं. नऊ हजार सहाशे. दिवसभर उभं राहूनही एवढं जमवलं आणि आता चारशेसाठी व्रत मोडायचं? ती गाडीभोवती फेऱ्या मारायला लागली. मान खाली, नजर घड्याळावर, भराभरा. चार-पाच फेऱ्या झाल्यावर पार्किंगचं बघणारे काका आले.

“ताई, काही हरवलं का?”

धापा टाकणाऱ्या माणसानं पूर्ण वाक्य बोलू नये हे तिला कळायला हवं होतं. “चारशे!” ती म्हणाली आणि पुढे गेली.

काकांनी लगेच जमीन बघायला सुरुवात केली. “ताईंचे चारशे रुपये पडलेत,” त्यांनी चहाच्या टपरीवाल्याला सांगितलं. टपरीवाल्यानं ते लेन्सवाल्यांना सांगितलं तेव्हा त्याची अंगठी झाली होती. नुकती उतरलेली शाळेच्या सहलीची बस त्यात सामील झाली तेव्हा ते मंगळसूत्र होतं. आपल्या माणसांची एक गोष्ट मला फार आवडते: दुसऱ्याचं काही हरवलं की कामधंदा सोडून शोधतात, आणि काय हरवलंय ते विचारत नाहीत. बघता बघता पन्नासेक माणसं कमरेत वाकून, माना डावी-उजवीकडे हलवत, ते पार्किंग चाळायला लागली. बायको मध्ये थांबून सांगायला गेली, “अहो, पावलं!” तर लोक म्हणाले, “हो, पावलं जपून टाका, ताई शोधतायत!” सहलीच्या एका मुलाला दहाचं नाणं सापडलं, ते त्यानं प्रामाणिकपणे आणून दिलं. साडूंना मंगळसूत्राचं कळलं तेव्हा ते सगळे खिसे सावरत गाडीखाली शिरले. तिथून ते सूचना देऊ लागले. “टॉर्च आणा! डावीकडे कुणी बघितलं का? सगळ्यांनी शांतता ठेवा!”

“साहेब!” गाईड धावत आला. “वर बघा, वर! क्रौंच!”

गाडीखालून एक मोठा ठोका ऐकू आला. साडूंनी डोकं वर केलं होतं, पण गाडी मध्ये होती. ते बाहेर येईपर्यंत, पायांकडून आधी, मग खिशांपैकी एक कशाला तरी अडकला तो सोडवून, आकाश रिकामं झालं होतं. मीही वर पाहिलं तेव्हा फक्त ऊन होतं. बाकी पन्नास माणसं अजून जमीन बघत होती.

“कुणी पाहिले?” साडूंनी टाळू चोळत विचारलं.

मावशी गाडीत मागच्या सीटवर चिक्की खात बसल्या होत्या. काच खाली केली. “मी.”

“नक्की? काळी मान होती? डोळ्यामागे पांढरी शेंडी?”

“एवढ्या वरची शेंडी कुणाची बघत बसू?”

“मावशी, आठवून सांगा. यादीत लिहायचंय. उडत कसे होते? रांगेत? आवाज करत होते?”

मावशींनी चिक्कीचा तुकडा मोडला.

“तुमच्यासारखेच होते, जावईबापू. एक पुढं ओरडत, बाकीचे निमूट मागं.”